नवा भाग आला म्हणून जुना खेळ का सोडावा?

संगणकावरच्या खेळांबद्दल बोलताना एक समजूत आपण सहसा तपासून पाहत नाही. खेळाचा पुढचा भाग आला, त्यातील चित्रे अधिक स्पष्ट झाली, नकाशे वाढले आणि जुन्या त्रुटी दूर झाल्या की पहिल्या भागाचे काम संपले, असे आपण धरून चालतो. फ्रीज किंवा मोबाइल यांच्याबाबत हे बरेचसे खरे असल्यामुळे खेळांनाही तोच न्याय लावला जातो. मग जो मुलगा सोलापुरातल्या एखाद्या गेमिंग कॅफेत, ‘काउंटर-स्ट्राइक २’ सहज चालेल अशा संगणकावर बसून ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ सुरू करतो, त्याच्याकडे शेजारचे खेळाडू कीव केल्यासारखे पाहतात. त्याला नवे जमत नसावे किंवा तो जुन्या आठवणींत रमला असावा, असे दोनच निष्कर्ष काढले जातात. माझे म्हणणे असे आहे की मूळ खेळ पसंत करणे हा पुष्कळदा विचार करून घेतलेला निर्णय असतो, त्यामागे खेळाच्या घडणीशी संबंधित कारणे असतात, आणि तो निर्णय अमलात आणण्याची मुभा खेळाडूकडून काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला असू नये.

येथे फसलेल्या पुढच्या भागांविषयी मी बोलत नाही. वाईट बनवलेला दुसरा भाग टाकून पहिल्याकडे परतण्यात वाद घालण्याजोगे काही नसते. पुढचा भाग खरोखरच सुधारलेला असतो, त्यातील सुधारणा नाकारण्याचे कारण नसते, आणि तरीही जाणते खेळाडू मूळ खेळाकडेच वळतात, तेथे खरा प्रश्न उभा राहतो.

‘काउंटर-स्ट्राइक’ या दोन संघांतील बंदुकांच्या खेळाचा इतिहास त्यासाठी तपशिलाने पाहण्यासारखा आहे. १९९९ साली मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून तो तयार केला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतःचा खेळ म्हणून बाजारात आणला आणि २००३ मध्ये त्याची १.६ ही आवृत्ती आली. वर्षभरातच, २००४ मध्ये, त्याच कंपनीने नव्या इंजिनावर बांधलेला ‘काउंटर-स्ट्राइक : सोर्स’ प्रसिद्ध केला. पाण्याचे प्रतिबिंब, सावल्या, चेहऱ्यांचा बारकावा या सर्व बाबतींत तो १.६ च्या फार पुढे होता. त्यात वस्तूंना वजन होते. गोळी लागली तर पिंप गडगडत जाई, बाटली फुटे, धक्का लागला तर वस्तू सरके. कागदावर पाहिले तर ही निखळ प्रगती होती. परंतु स्पर्धात्मक खेळाडूंपैकी मोठा वर्ग, विशेषतः युरोपातील, १.६ सोडायला तयार झाला नाही आणि पुढची कितीतरी वर्षे जगातील मोठ्या स्पर्धा १.६ वरच होत राहिल्या. ही दुफळी खऱ्या अर्थाने मिटली ती २०१२ साली ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ आल्यानंतर, आणि तीही हळूहळू.

याचे कारण त्या गडगडणाऱ्या पिंपांत सापडते. १.६ च्या नकाशावर पेट्या आणि कोपरे बहुतेक आपल्या जागी अचल असत. ‘डस्ट-टू’ या नकाशावर ‘लाँग’ या लांब वाटेच्या दारामागून कोण कोणत्या क्षणी दिसू शकतो, कोणत्या भिंतीतून गोळी आरपार जाते, पेटीवर चढून उडी घेतली तर नेमके कुठे पोहोचता येते, हे सर्व सरावाने पाठ होण्याजोगे होते. पाठ झालेल्या गोष्टीवर विसंबता येई आणि म्हणून डाव त्या पाठांतराच्या पलीकडे, समोरच्याच्या मनात काय चालले आहे याच्या अंदाजावर खेळला जाई. जमिनीवर हलती वस्तू आली की अंदाजात यदृच्छेचा अंश शिरतो. खेळाडू हरतो तेव्हा तो प्रतिस्पर्ध्याच्या चातुर्यामुळे हरला की वाटेत आलेल्या एखाद्या डब्यामुळे, हे सांगता येत नाही. वास्तव जगात असेच घडते हे मान्य. पण खेळाला वास्तव जगासारखे व्हायचे असते, हे कोणी ठरवले? जे जे वास्तवाच्या जवळ ते ते श्रेष्ठ, असा चित्रांना लावायचा निकष नियमांना लावला गेला आणि तिथेच फसगत झाली.

पैशाचा हिशेबही याच अंगाने पाहावा. पहिल्या फेरीत ८०० डॉलर हातात, कितीही जिंकले तरी १६,००० ची मर्यादा, आणि प्रत्येक फेरीत काय विकत घ्यायचे, काय वाचवायचे याचा निर्णय. एक एडब्ल्यूपी बंदूक ४,७५० ला. ती घेऊन मेलो तर पुढची फेरी पिस्तुलावर. या साध्या अंकगणितातून पाच जणांच्या संघात बचतीचे, उधारीचे आणि त्यागाचे राजकारण निर्माण होते. हा गाभा पुढच्या सर्व भागांनी जपला, हे त्यांचे श्रेय. पण २०१३ साली ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये बंदुकांच्या रंगीत आवरणांचा बाजार सुरू झाला आणि खेळातील खोट्या पैशाशेजारी खरा पैसा येऊन बसला. पेटी विकत घ्या, किल्ली विकत घ्या, आत काय निघेल ते नशिबावर. खेळाच्या नियमांत यामुळे काडीचाही फरक पडत नाही, असे समर्थन केले जाते आणि ते शब्दशः बरोबर आहे. मात्र पंधरा वर्षांच्या मुलाला खेळायला बसवताना पालकाला या फरकाचा विचार करावा लागतो. १.६ मध्ये बंदूक म्हणजे बंदूक होती आणि फेरी संपली की हिशेब संपे. एवढ्या एका कारणासाठीही कोणी मूळ खेळ निवडला तर मी त्याला शहाणा म्हणेन.

जुने ते सोने, असे मात्र मला म्हणायचे नाही, आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’ या गाव वसवून सैन्य उभारण्याच्या खेळाच्या मालिकेने ते फार चांगले सिद्ध केले आहे. १९९७ चा पहिला भाग आज खेळायला घेतला तर त्याचा जाच होतो. पन्नास माणसांची मर्यादा, तटबंदीला दरवाजा नाही, सैन्याला रांगेत उभे करण्याची सोय नाही, आणि सुरुवातीच्या आवृत्तीत तर एकापाठोपाठ एक सैनिक तयार करण्याची आज्ञाही आधी देऊन ठेवता येत नसे. १९९९ च्या दुसऱ्या भागाने हे सर्व दुरुस्त केले आणि पहिल्या भागासाठी आज फारसे कोणी अश्रू ढाळत नाही. म्हणजे सुधारणा खेळाच्या गाभ्याला मोकळे करणारी असेल तर खेळाडू ती आनंदाने स्वीकारतात. मग त्याच एन्सेम्बल स्टुडिओजने २००५ साली आणलेल्या तिसऱ्या भागाला दुसऱ्याची जागा का घेता आली नाही? तोफेच्या गोळ्याने माणसे उधळत, इमारतींचे तुकडे पडत, समुद्र खराखुरा भासे. तो खेळ मुळीच वाईट नव्हता.

तिसऱ्या भागाने एक कंटाळवाणे काम काढून टाकले, एवढेच त्याचे उत्तर देता येईल. दुसऱ्या भागात गावकरी लाकूड तोडतो, दहा नग अंगावर घेतो आणि जवळच्या लंबर कॅम्पपर्यंत चालत जाऊन टाकतो. जंगल तुटत जाते तसे अंतर वाढते; मग नवा कॅम्प पुढे बांधावा लागतो, आणि तो जितका पुढे तितका शत्रूच्या घोडेस्वारांच्या आवाक्यात. सोन्याची खाण गावापासून दूर असते, हरणे भलत्याच दिशेला असतात, आणि या अंतरांमुळे नकाशावरच्या प्रत्येक टेकडीला किंमत येते. तिसऱ्या भागात गावकरी जिथे उभा असतो तिथेच त्याने गोळा केलेले धन थेट तिजोरीत जमा होते. ने-आण संपली, वेळ वाचला, नवशिक्याची सोय झाली. त्याबरोबर अर्थव्यवस्थेचा भूगोलही संपला. कोठून हल्ला करावा, काय तोडावे, कोणता रस्ता राखावा, या प्रश्नांची धार बोथट झाली, आणि त्या जागी मायदेशाहून मागवायच्या मालाची पत्ते-पद्धत आली, जिची तयारी बरीचशी खेळाआधीच करायची असते. ज्याला ती आवडते त्याने ती जरूर खेळावी. परंतु ज्याला दुसऱ्या भागात त्या चालण्यातच खेळ दिसला होता, त्याच्या दृष्टीने येथे सुधारणेच्या नावाखाली खेळच बदलला होता.

खेळातली गैरसोय आणि खेळातली अडचण यांत भेद करावा लागतो. सैनिक झाडात अडकून बसतो ही गैरसोय. ती दूर व्हायलाच हवी. लाकूड लांबून आणावे लागते ही अडचण. तिच्याशी झगडणे हाच खेळ. पुढचा भाग बनवणाऱ्यांना दोन्ही गोष्टी तक्रारींच्या एकाच यादीत दिसतात, कारण खेळाडू दोहोंबद्दल सारखाच कुरकुरत असतो. २०१९ साली दुसऱ्या भागाची जी ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ निघाली तिने हा भेद बऱ्याच अंशी सांभाळला. चित्रे नवी झाली, शेत पुन्हा आपोआप पेरले जाऊ लागले, आज्ञा देणे सुलभ झाले, पण लाकूड अजूनही पाठीवरूनच न्यावे लागते. २०२२ मध्ये तिच्यात पूर्वीच्या एकाच ‘इंडियन्स’ संस्कृतीच्या जागी बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी अशी विभागणी आली. एकाच रस्त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येणाऱ्या आपल्या शहरातील खेळाडूला ती पटण्यासारखी आहे, मराठ्यांना त्यात जागा नाही ही तक्रार बाजूला ठेवून. मूळ खेळाच्या चाहत्यांना बदल नको असतो, हा आरोप या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

तरीही सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप आठवणींचाच आहे. तुम्हाला खेळ आवडत नाही, तुमचे सतरावे वर्ष आवडते, असे सांगितले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. भारनियमनाच्या काळात, उन्हाळ्याच्या सुटीत, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या नेट कॅफेत तासाचे पैसे भरून खेळलेल्या डावाची गोडी केवळ नियमांतून आलेली नसते. चार भाषांच्या घरांतून आलेली पोरे एकाच सुरात ‘फायर इन द होल’ ओरडत, त्याचाही तो भाग असतो. पण आठवण हे पसंतीचे एक कारण असल्याने बाकीची कारणे खोटी ठरत नाहीत. शिवाय या आक्षेपाची एकदा जाहीर परीक्षाच झाली आहे. ब्लिझार्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ वर्षानुवर्षांच्या भरींनी मूळ रूपापासून इतका दूर गेला की जुने रूप परत द्या, अशी मागणी होऊ लागली. २०१३ च्या ब्लिझकॉन या कंपनीच्या संमेलनात तिचे जे. ॲलन ब्रॅक यांनी त्यावर, तुम्हाला ते हवे आहे असे तुम्हाला वाटते, पण तुम्हाला ते नको आहे, अशा अर्थाचे उत्तर दिले. २०१६ मध्ये चाहत्यांनी चालवलेला नोस्टलरियस हा जुन्या आवृत्तीचा सर्व्हर कायदेशीर इशाऱ्यानंतर बंद पडला. आणि २०१९ साली त्याच ब्लिझार्डने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ अधिकृतपणे सुरू केला, जो पुढेही चालू राहिला. निव्वळ आठवणींवर उभी असलेली मागणी दोन-तीन महिन्यांत विरून गेली असती.

आठवणींचा आक्षेप आणखी एका ठिकाणी लंगडा पडतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा १९८९ चा खेळ जॉर्डन मेकनर यांनी ॲपल टू या तुटपुंज्या मेमरीच्या संगणकासाठी बनवला. त्यात राजपुत्राचा प्रतिस्पर्धी म्हणून नवे पात्र घालायला मेमरीत जागाच उरली नव्हती, म्हणून मेकनर यांनी राजपुत्राच्याच चित्रात फेरफार करून त्याची सावली उभी केली. आरशातून बाहेर पडणारी, नायकाचेच रूप असलेली ती सावली खेळातील सर्वांत संस्मरणीय गोष्ट ठरली, आणि तिच्यावर वार केला तर इजा आपल्यालाच होते, हे कोडे त्यातूनच जन्मले. १९९३ च्या दुसऱ्या भागाला अधिक जागा, अधिक रंग, अधिक देखावे आणि एकाच वेळी अनेक शत्रू मिळाले. साठ मिनिटांत कैदेतून राजकन्येपर्यंत पोहोचण्याच्या पहिल्या भागाच्या एकसंध ताणाची सर मात्र त्याला आली नाही. ज्यांनी हा खेळ लहानपणी पाहिलेलाच नाही, त्यांनाही दोन्ही भाग एकामागोमाग खेळले तर हा फरक जाणवतो. अभावातून आलेली अशी कल्पकता, अभाव दूर झाल्यावर पुढच्या भागात आपोआप उतरत नाही.

आता सोलापूरच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहू, कारण पुण्या-मुंबईच्या चर्चेत ही बाजू सहसा येत नाही. १.६ साठी ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ९६ एमबी रॅम पुरते. ‘काउंटर-स्ट्राइक २’ ला ८ जीबी रॅम, एक जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि ८५ जीबी मोकळी जागा लागते. कंपन्यांनी मोडीत काढलेले जुने संगणक विकत घेऊन ज्या घरांत मुलांचा अभ्यास आणि खेळ दोन्ही भागवले जाते, तेथे हे आकडे कोरडे राहत नाहीत. अशोक चौकाकडील यंत्रमाग कामगाराच्या घरात ग्राफिक्स कार्डाची किंमत हा घरखर्चाचा प्रश्न असतो. तेव्हा तो मुलगा १.६ खेळतो यात परवडण्याचा भाग आहेच. पण येथे माझ्या युक्तिवादाला एक पुस्ती जोडायला हवी. परवडते म्हणून सुरू केलेला खेळ पुढे आवडतो म्हणून टिकतो, आणि चांगला संगणक हाती आल्यावरही टिकतो, तेव्हा त्याला नाइलाज म्हणणे हा त्या मुलाच्या अकलेचा अपमान आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ती टाळून हा लेख प्रामाणिक राहणार नाही. आपल्याकडे हे खेळ ज्या सीडींमधून पसरले त्यांपैकी बहुतेक बेकायदा नकला होत्या. घरोघरी फिरणाऱ्या त्या सीडींच्या बळावर एक पिढी घडली आणि आज ग्राहकाच्या हक्काची भाषा बोलताना ही वस्तुस्थिती आपल्याला अडचणीत आणते. परंतु नकलेला आज नैतिक आधार कोणता मिळतो तेही पाहावे. मूळ खेळ पैसे देऊन घ्यायला तयार असलेल्या माणसाला तो बाजारात मिळतच नसेल, तर नक्कल करणारा हाच एकमेव जतन करणारा उरतो. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता अधिकृतपणे विकत मिळत नसल्याचे आढळले. ज्या देशात हा उद्योग जगातील सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे तेथे ही स्थिती, तर आपल्याकडची कल्पनाच केलेली बरी.

येथून हा प्रश्न व्यक्तिगत आवडीचा राहत नाही. पूर्वी नवा भाग आला तरी जुनी सीडी कपाटात राही. आता नवा भाग जुन्याला गिळू शकतो. २०१६ साली पैसे देऊन घेतलेला ‘ओव्हरवॉच’ २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बंद करण्यात आला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जागी ‘ओव्हरवॉच २’ आला. सहा जणांचे संघ पाच जणांचे झाले. संघरचना बदलणे म्हणजे खेळच बदलणे, पण मूळ खेळ निवडण्याचा पर्याय कोणाकडेच उरला नाही. २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३ : रीफोर्ज्ड’ आला तेव्हा २००२ चा मूळ खेळ विकत घेतलेल्यांनाही ऑनलाइन खेळण्यासाठी नव्या आवृत्तीच्या दारातूनच जावे लागले. २०२१ मध्ये रॉकस्टार कंपनीने ‘व्हाइस सिटी’सह तीन जुन्या खेळांची नवी रूपे आणताना मूळ खेळ ऑनलाइन दुकानांतून काढून घेतले, नव्या रूपांतील चुकांवर गदारोळ झाल्यावर संगणकासाठीचे मूळ खेळ परत ठेवावे लागले. ‘व्हाइस सिटी’ ज्यांना पाठ आहे अशा सोलापूरकरांची संख्या लहान नाही आणि त्यातल्या कोणाला या बदलाविषयी विचारण्यात आले नव्हते. २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ ने ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ची जागा घेतली तेव्हाही नवा खेळ न पेलणारे जुने संगणक आणि मॅक वापरणारे खेळाडू मागे राहिले. ‘द क्रू’ या मोटारींच्या शर्यतीच्या खेळाची कथा तर याहून कडवट आहे. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्ट कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळण्याजोगा भागही ज्याच्या त्याच्या संगणकावर निरुपयोगी झाला.

क्रिकेटमध्ये एकदिवसीय सामने आले, २००३ मध्ये ट्वेंटी-ट्वेंटी आले. प्रेक्षक तिकडे वळले, पैसा तिकडे गेला, आणि पाच दिवसांचा सामना कंटाळवाणा असल्याची तक्रारही जुनीच आहे. तरी नवा प्रकार सुरू झाला म्हणून कोणी सोलापूरच्या पार्क मैदानावरचा लाल चेंडू जप्त केला नाही. कसोटीची आवड ही मागासलेपणाची खूण आहे, असेही आपण मानत नाही. उलट तिला रसिकतेचा मान देतो. खेळ कोणाच्या तरी सर्व्हरवर राहत नसल्यामुळे हे शक्य झाले.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. जुना आणि नवा दोन्ही खेळ चालू ठेवले तर खेळाडू विभागले जातात आणि दोन्हीकडे प्रतिस्पर्धी मिळायला वेळ लागतो. जुन्या प्रणालीत सुरक्षेच्या फटी राहतात, आणि १.६ च्या काही खासगी सर्व्हरांनी या फटींचा गैरफायदा घेतलेला आहे. सर्व्हर चालवायला पैसा लागतो आणि तो अनंत काळ कोणी खर्च करू शकत नाही. हे सर्व मान्य केले तरी त्यातून मूळ खेळ मारून टाकण्याचे समर्थन निघत नाही. सर्व्हर कंपनीनेच चालवावा अशी मागणी कोणी करत नाही. तो दुसऱ्याला चालवता यावा एवढीच अपेक्षा आहे.

आणि येथे पुन्हा १.६ कडे यावे लागते. हा खेळ वीस वर्षांहून अधिक काळ निवडीसाठी उपलब्ध राहिला, त्याचे श्रेय चाहत्यांच्या भक्तीला देण्याची पद्धत आहे. माझ्या मते मोठे श्रेय एका तांत्रिक निर्णयाला द्यायला हवे. त्याचा सर्व्हर चालवणारी प्रणाली सर्वांना मोफत उपलब्ध होती, आणि एका खोलीतले संगणक तारेने जोडून, बाहेरच्या इंटरनेटशिवाय, लॅनवर तो खेळता येई. नेट कॅफेचे इंटरनेट रडतखडत चालायचे त्या काळात आपल्या शहरात हा खेळ रुजला तो यामुळेच. मालकाने कुलूप लावले तरी चालू राहील अशीच त्याची बांधणी होती. ‘ओव्हरवॉच’ची बांधणी नेमकी उलट आहे आणि म्हणून त्याच्या चाहत्यांची भक्ती काहीच करू शकली नाही. २०२४ मध्ये कंपनीनेच ‘ओव्हरवॉच : क्लासिक’ या नावाने २०१६ सालचे रूप काही काळापुरते परत आणले. मूळ रूपाला मागणी आहे हे तिने अशा रीतीने मान्य केले. मात्र ते किती दिवस खेळायचे हेही तिनेच ठरवले.

काही ठिकाणी कायदा जागा झाला आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगण्याचे बंधन आले. युरोपात, विकलेला खेळ कंपनीने पाठिंबा थांबवल्यावरही खेळण्याजोग्या स्थितीत राहावा, या मागणीच्या नागरिक-प्रस्तावाने २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आपल्या संसदेने त्याच वर्षी ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला, तो मुख्यतः पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवरील बंदीचा आणि ई-स्पोर्ट्सला उत्तेजन देण्याचा. पैशाच्या खेळांमुळे उद्ध्वस्त झालेली घरे पाहता त्या बंदीची गरज मला पटते. पण ई-स्पोर्ट्सला उत्तेजन द्यायचे तर कोणत्या खेळाच्या कोणत्या आवृत्तीला, हा प्रश्न उरतोच. पुस्तकांसाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे, ज्यानुसार प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि ते उभे राहण्यापूर्वी मूकपटांच्या काळातील बहुतेक फिती नष्ट झालेल्या होत्या. खेळांच्या बाबतीत आपण आज त्या पूर्वीच्या अवस्थेत आहोत.

दिल्लीतून काही होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वार्षिक महोत्सवांत गेमिंगच्या स्पर्धा होतात आणि त्यांत खेळ निवडताना सर्वांत नवा कोणता, एवढेच पाहिले जाते. परिणामी ज्यांच्याकडे महागडा लॅपटॉप किंवा नवा फोन आहे तेच पहिल्या फेरीपासून पुढे असतात, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणक, ज्यांवर सर्वांना समान पातळीवर खेळता आले असते, ते कुलपात राहतात. त्याच प्रयोगशाळेत लॅनवर ‘१.६’ किंवा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ची स्पर्धा घेतली, तर यंत्रांचा फरक पुसला जाईल आणि खेळाच्या प्रती रीतसर विकत घेण्याचा खर्चही स्पर्धेच्या बक्षिसांपुढे किरकोळ ठरेल. ‘१.६’ आजही स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात अल्प किमतीत मिळतो. पुढच्या वर्षीच्या महोत्सवाचे अंदाजपत्रक मांडताना आयोजकांनी बक्षिसाच्या रकमेआधी एवढे विचारावे की निवडलेला खेळ कंपनीचा सर्व्हर त्या दिवशी बंद पडला तरी सुरू राहील का, आणि राहत नसेल तर त्याच्यासाठी प्रयोगशाळा का मोकळी करायची.